मास्टर गेज

प्रिय बारक्या,

फाडण्याआधी एवढं वाच. चार वर्षांत मी तुला दोनच पत्रं पाठवली, दोन्हींत नुसत्या हवापाण्याच्या गप्पा, म्हणून तू उत्तर दिलं नाहीस ते बरोबरच केलंस. हा पत्ता तुझ्या बायकोने दिला, तोही अब्बांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं निमित्त काढल्यावर. ऑपरेशन नीट झालं. आता त्यांना सगळं स्पष्ट दिसतं, त्यामुळे घरातली धूळही दिसते आणि दिवसभर माझ्या नावाने शंख चालू असतो. तू शाळेच्या गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहितोस आणि डाव्या हाताने लिहायला शिकलास, हेही तिनेच सांगितलं. ते ऐकून मी फोन ठेवून दिला.

आपल्या घरात अल्लाह निकाह आणि जनाजा यांच्यापुरताच यायचा. अब्बा विज्ञानाचे मास्तर. जे मोजता येत नाही ते त्यांच्या लेखी गप्पांत जमा. मी त्यांची लाडकी, म्हणून मोजमापाच्या प्रयोगशाळेत गेले. तू रंगाच्या कारखान्यात बॉयलर चालवायला लागलास आणि बॉयलरघराच्या कोपऱ्यात नमाजासाठी जानमाज अंथरायला लागलास. मी तुला मौलाना म्हणून चिडवायचे. तुझं प्रत्येक बोलणं 'बाकी अल्लाह जाणे' वर संपायचं. आठवतं, एकदा सगळे जेवायला बसलेले असताना मी म्हटलं होतं की, मी देते त्या प्रमाणपत्राच्या तळाशीही एक ओळ असते, हे माप किती चुकू शकतं याची. मी तिथे आकडा लिहिते, हा तिथे अल्लाह लिहितो, आता प्रामाणिक कोण ते तुम्हीच ठरवा. सगळे हसले, तूही हसलास. तुझ्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो. तू तेव्हा भांडायला हवं होतंस.

आता आमच्या कामाची गोष्ट सांगते, कारण ती तुला कधी कोणी नीट सांगितली नाही. प्रयोगशाळेत एक मास्टर गेज असतो. बाहेरून आलेला दाबाचा प्रत्येक गेज त्याच्या शेजारी लावायचा, दोन्हींना सारखाच दाब द्यायचा आणि मास्टर सांगेल ते खरं मानून दुसऱ्याचा काटा बसवायचा. मास्टरला तपासायला मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात, दोन वर्षांतून एकदा. तुझ्या अपघाताच्या पाच महिने आधी तो माझ्या हातून टेबलावरून पडला. काच फुटली नाही, काटा शून्यावर परत आला. नियमाप्रमाणे तो त्याच दिवशी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायला हवा होता, पण मग आमचं काम महिनाभर बंद राहिलं असतं आणि सगळ्यांना कळलं असतं की, आपाच्याही हातून वस्तू पडतात. आठ दिवसांनी मन खायला लागलं, तेव्हा मी फळीवरचे तीन गेज काढून त्याच्याशी ताडून पाहिले. चौघांचं एकमत. मी निश्चिंत झाले. ते तिन्ही गेज मी तो पडल्यानंतर, त्याच आठवड्यात, त्याच मास्टरवर बसवलेले होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वीस वर्षं काम केलेल्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

तुझ्या बॉयलरचा गेज त्यानंतर आला, आणि सेफ्टी व्हॉल्वही. दोन्ही मीच बसवून दिले. मग वाफेची नळी फुटली आणि तुझा उजवा हात गेला. चौकशीत तू एकच वाक्य सांगत राहिलास, गेज सात दाखवत होता, मर्यादेच्या आतच. त्यांनी तो गेज तपासायला माझ्याकडेच पाठवला. मास्टरच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली नव्हती, म्हणून कोणी काही विचारलं नाही. मी ताडून पाहिलं आणि भर समितीसमोर सांगितलं की, गेज अचूक आहे. म्हणजे खोटं तूच बोलत होतास. सख्ख्या बहिणीनेच सांगितल्यावर विषयच मिटला. तुझं लायसन्स गेलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि उठून गेलास.

इथपर्यंत मी चुकले, असं म्हणता येईल. पण वर्षभराने मुदत संपली आणि मास्टर तपासणीला गेला. अहवाल आला, मास्टर दीडने कमी दाखवतो. तुझा गेज सात म्हणाला, तेव्हा आत साडेआठ होते, आणि त्याच चुकीच्या मापावर बसवलेला व्हॉल्व उघडलाच नाही. बारक्या, तो अहवाल तीन वर्षं माझ्या खणात होता. नळी जुनीच होती, चौकशी केव्हाच संपली होती, तुझा हात काही परत येणार नव्हता, अशी कारणं मी रोज स्वतःला देत होते आणि रोज ती मला पटत होती. पटणारच, कारणं देणारी मी आणि तपासणारीही मीच. ज्या डोक्याचा मला एवढा माज होता, ते स्वतःलाच विचारून स्वतःला बरोबर ठरवत होतं. आपल्या बाहेरचं कोणीतरी हवं, हे तेव्हा कळलं. तुला हे फार आधी कळलं होतं, आणि त्यासाठी तुला काही मोडावं लागलं नव्हतं.

गेल्या वर्षी मी नमाज शिकले. या वयात, मुलांच्या पुस्तकातून, दार लावून, कारण अब्बांनी पाहिलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. मला शांती वगैरे मिळाली असं समजू नकोस. सजद्यात कपाळ टेकलं की गुडघे दुखतात आणि तुझा हात दिसतो. तरी रोज तौबा केली. मनात हिशेब असा की, वरून माफी मिळाली की झालं, मग तुझ्याकडे यायला नको. शेवटी मशिदीच्या इमामांना विचारायला गेले. चपला दुरुस्त करणारा साधा माणूस, फावल्या वेळात नमाज पढवतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, अल्लाहचं तुम्ही काही बुडवलं असेल तर तो माफ करील. माणसाचं बुडवलं असेल तर तो माणूस माफ करीपर्यंत अल्लाहचंही दार उघडत नाही. मी जाम चिडले, तशीच घरी आले. एवढं वाकून पुन्हा तुझ्याच दारात!

म्हणून हे पत्र. तो अहवाल आणि माझा जबाब मी सोमवारी बॉयलर निरीक्षकांच्या कार्यालयात दिला, नक्कल सोबत आहे. नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. तुझं लायसन्स परत द्यावंच लागेल, त्याचा आता तुला काय उपयोग ते मला ठाऊक आहे. तुझ्या उत्तरावर यातलं काहीच अवलंबून ठेवलेलं नाही, म्हणजे मी माफी विकत घेतेय असं तुला वाटायला नको. तू माफ करशील की नाही याचा अंदाज मी आठ दिवस बांधतेय, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला खाली आकडा लिहिता येत नाही. बाकी अल्लाह जाणे. बारक्या, हे मी चेष्टेने लिहिलेलं नाही.

तुझीच, तुला खोटं पाडणारी,
आपा