बोटीला ब्रेक नसतो

१७ जुलै, गुरु.
आज परत तेच. ड्रायव्हिंगचे मास्तर म्हणाले, "थांबवा." माझा पाय जागेवर आणि हात गियरवर, तोही मागच्या गियरकडे. मास्तरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. "अहो काका, गाडी आहे ही!"
वीस वर्षं बोटीचं इंजिन सांभाळलं. बोटीला ब्रेक नसतो. धक्का जवळ आला की मागचा गियर टाकायचा, बोट थांबते. हाताला तेवढंच ठाऊक. मेल्याला आता कोण शिकवणार.

२० जुलै, रवि.
संध्याकाळी आमच्या बोटीचा तांडेल दत्ता आला. बोटीचं रंगकाम झालं म्हणे. "पुनवेनंतर सुटायचं. तू येतोस ना?" मी काही बोलायच्या आत सुलू आतून बाहेर आली. "ते नाय येणार. बर्फवाल्याचा टेंपो चालवणार हायत."
लायसन मिळालं तर, हे तिने सांगितलं नाही.
गेल्या दिवाळीला वादळात आमचा दोन दिवस पत्ता नव्हता. ती धक्क्यावर बसून होती. घरी आलो तेव्हा रडली नाही, फक्त म्हणाली, पुरे आता. त्यावर वाद घालायला मला तोंड नाही.

२६ जुलै, शनि.
गियर जमले. पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा. मास्तर खूश. "काका, कधी बदललात कळलंच नाही." त्यात काय एवढं. इंजिन ओरडायला लागलं की वरचा, दमलं की खालचा. कान आहेत की.
थांबायचं तेवढं राहिलंय.

४ ऑगस्ट, सोम.
दापोलीला टेस्ट. पाऊस नव्हता. चढावर दुसरा टाकला, लोण्यासारखा गेला. साहेबांनी मान डोलावली. वाटलं, जमलं!
मग एकदम म्हणाले, "थांबा."
करर्रर्र. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. साहेब, "हे काय?" मी, "बोटीची सवय, साहेब." ते हसले, नापास लिहिलं, पुढच्या सोमवारी या म्हणाले. माणूस बरा वाटला.
सुलूला सांगितलं. तिने भात वाढला. बर्फवाला तोवर थांबेल म्हणतो, पुढे नाही.

९ ऑगस्ट, शनि. ना. पौर्णिमा
नारळ सोडला. दत्ता म्हणाला, "सोमवारी सकाळी निघतोय. आलास तर तुझी जागा हाय. नायतर भाच्याला नेतो." भाच्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही.
टेस्टही सोमवारीच. सकाळीच.

१० ऑगस्ट, रवि.
सुलूने नवीन खूळ काढलंय. मला ओटीवर खुर्चीत बसवते, पुढ्यात पाट, त्यावर पाय. भाजी निवडता निवडता मध्येच ओरडते, "थांबा!" आणि बघते आधी काय हलतं. शेजारीण हसून गेली. हसेना का.
आज चार वेळा पाय गेला. हात मांडीवरच. सुलू म्हणाली, "आता कसं!" बऱ्याच दिवसांनी हसताना दिसली. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.
तेवढ्यात धक्क्यावर दत्ताने इंजिन चालू करून बघितलं. आवाज ओळखीचा, जरा जड. डिझेलमध्ये पाणी असणार. पाटावरचे पाय हलले नाहीत. उजवा हात मात्र वर आला, हवेतच दांडा धरल्यासारखा.
सुलूने बघितलं. भाजीची परात उचलून आत गेली.
दापोलीची एसटी सहाला. बोटही त्याच सुमाराला सुटणार.