सीतेचं साटं

१९ जानेवारी १९६९

हेडमास्तरांनी सव्वीस जानेवारीचं भाषण माझ्या गळ्यात घातलं. विषय — विकसनशील देशापुढच्या सामाजिक समस्या. "आप नए मास्टर हैं, जोश से बोलिए." जोश आहे. समस्यांनाही तोटा नाही — गरिबी, निरक्षरता, जातिभेद, लोकसंख्या. सुरुवात कुठून करावी तेच कळेना. सीता भात उतरवता उतरवता म्हणाली, "दादा, थोडक्यात बोलजो. पोरं उन्हात बसतात." धाकटी बहीण तेरा वर्षांची, पण अक्कल माझ्याहून जास्त. शिकायला म्हणून तिला बालाघाटला माझ्याकडे आणलं, ते बरंच झालं.

२६ जानेवारी

भाषण झालं. बालविवाहावर बोललो तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या.

२ फेब्रुवारी

गावाहून बाबा आले. माझं लग्न ठरवूनच आले आहेत! तिरोडीकडच्या शालिकराम पाटलांची ललिता मला, आणि त्यांचा बाबूलाल आपल्या सीतेला. साटंलोटं. "ना हुंडा, ना रुसवेफुगवे. त्याहीची पोरगी आपल्या घरी, आपली त्याहीच्या घरी. मंग कोण कोणाले तरास देईन?"

म्हणजे एक लेक दुसरीला जामीन. सीता दाराआड उभी होती. जेवली नाही.

३ फेब्रुवारी

सीता शाळेत गेली नाही. काहून, विचारलं. "आता शिकून काय करू?" इतकंच. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. टाळ्या घ्यायला आपण पुढे!

९ फेब्रुवारी

गावी जाऊन आलो. साट्यात एक लग्न मोडलं की दुसरं आपोआप मोडतं. त्याच जोरावर सांगितलं — मलेच लग्न करायचं नाही.

बाबा म्हणाले, "शब्द देल्ला हाये म्या. चार लोकांत तोंड कसं दाखवू?" बराच वेळ ओरडले, मग उठून बाहेर गेले. निघताना मायनं पिशवीत पापड टाकले. मी ते होकारात धरले.

१० फेब्रुवारी

सीता शाळेत गेली.

२ मार्च

सीतेच्या शाळेतल्या विमलाबाई बाजारात भेटल्या. "भाऊ असावा तर असा." मी वरवर नाही नाही म्हणालो. आतून स्वारी खूश.

१३ एप्रिल

बाबा आले. शालिकराम पाटलांच्या ललिताचं लग्न झालं म्हणाले. खाणीतल्या एका मुकादमाशी. बिजवर, दोन लेकरांचा बाप. "मोडलेल्या सोयरिकीची पोरगी. तिले दुसरं कोण करते?"

आज पहिल्यांदा विचारलं — वय काय तिचं?

"आपल्या सीतेयेवढीच. आठवीत होती. नवरा मास्तर हाये म्हणून खूश झाल्ती म्हणे. लग्न झालं तरी शाळेत पाठवीन म्हणून."

सीता आत मोठ्यानं धडा वाचत होती. मी उठून तिला हळू वाच म्हणालो.