इथे कुणी ओरडत नाही

३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची चेन्नईला! नुंगंबाक्कममधलं हॉस्पिटल तसं छोटंसंच, पण भाजलेल्यांचा वॉर्ड नुसता चकाचक. स्वरदा स्टेशनवर न्यायला आली होती. नर्सिंगला आम्ही एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो; हिनेच हट्टाने मला सोलापूरहून बोलावून घेतलं. रूमवर पोचताच गरम सांबारभात वाढला. अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं.

४ फेब्रुवारी
पहिलं ड्रेसिंग बालाजीरावांचं. उकळतं तेल सांडून उजवा हात कोपरापर्यंत भाजलाय. गृहस्थ तंजावरी मराठी. त्यांचं बोलणं ऐकून मला हसू आवरेना, तेही हसले. दुखण्याचं इंजेक्शन अर्धा तास आधी दिलं होतं, जुनं गॉज सलाइनने भिजवून आम्ही दोघी अलगद सोडवत होतो, तरी त्यांचे डोळे भरून आले. स्वरदा म्हणाली, तुझी आजी करते तसं कर ना. मग मी त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवले, माझ्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि म्हटलं, तुमची इडापिडा माझ्यावर येऊ दे. नंतर सगळं गॉज निघालं तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. माझाच हात भगभगला. त्या नव्या हँडवॉशची अॅलर्जी असणार.

६ फेब्रुवारी
कमालच आहे! या वॉर्डात कुणीच ओरडत नाही. यामिनीताईंची मांडी अक्षरशः सोललेली, आणि ड्रेसिंगच्या वेळी बाई खुशाल टीव्ही बघतात. दहापैकी किती दुखतंय विचारलं की सगळे शून्य सांगतात. माझ्या हाताची मात्र आग होते. आज मांडीचीही. कातडीवर बघावं तर डागसुद्धा नाही.

१० फेब्रुवारी
सुट्टी घेऊन रूमवर पडले होते. अचानक हात पेटला. किंचाळले. मग मांडी. मग पाठ. नंतर कळलं, वॉर्डात त्याच वेळी ड्रेसिंगचा राउंड चालला होता, खाटांच्या त्याच क्रमाने.

११ फेब्रुवारी
स्वरदाला धरलं. तिने नाकारलंसुद्धा नाही! म्हणाली, एकदा इडापिडा घेतली की वॉर्डात येईल त्या प्रत्येकाची घ्यावी लागते. तीन वर्षं तिने सोसली. नवीने घेतली की जुनी सुटते, म्हणून मला बोलावलं. मेले, सख्खी बहीण मानली गं तुला! मी म्हटलं, थांबव हे. तर म्हणे, जा, बालाजीरावांना सांग, उद्यापासून ओरडा म्हणावं.
गेले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून आशीर्वाद दिला. काही न सांगताच परत आले.

१४ फेब्रुवारी
एन्नोरकडे कारखान्यात बॉयलर फुटला. सात-आठ जणांना आणलंय. चेहरे, छात्या —
लिहवत नाही.

१५ फेब्रुवारी
ऊर्मीचा मेसेज. माझी धाकटी बहीण, आत्ताच नर्सिंग संपवलेली. गाडीत बसलीये, हसरा फोटो पाठवलाय. स्वरदाने तिला इथे नोकरी लावली. म्हणे, माझी दया आली —
आता तिला सांगायलाच हवं. पुढच्या स्टेशनला उतर, परत जा —
बाहेर ड्रेसिंगची ट्रॉली लागली —
छाती — आई गं — अजून पहिलाच पेशंट आहे —
‘उतर’ लिहिलं होतं. पुसलं. ‘वाट बघते’ लिहिलं. पाठवलं. माफ कर गं ऊर्मे, मला सह—