तिसरी हाक

वेंगुर्ले,
सोमवार, दुपार

प्रिय यज्ञेश,

तुझ्या पुण्याच्या कानसेन मंडळींसाठी पाच अल्बम सुचव म्हणालास, तेही कारणांसकट. अरे, मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. कारण दिल्याशिवाय मला अर्धा गुणसुद्धा देता येत नाही. पण आधीच सांगून ठेवते, माझी निवड ऐकून तुझ्या त्या कपाटाएवढ्या नव्या स्पीकरपुढे बसलेलं कुणी ‘ताईंचा कान गावठी आहे’ म्हणालं, तर म्हणू दे. गाणं काय, सगळेच ऐकतात. मी गाण्याच्या मागचं ऐकते. खोली केवढी होती, कोण खोकलं, तबलजीने पावडरीच्या डबीचं झाकण कधी लावलं. ही खोड मला तुझ्या बाबांनी लावली. जयरामकाका टेप लावायचे, तुझी ताई विमला आणि मी दोन बाजूंना मांडी घालून बसायचो, आणि काका डोळे मिटून विचारायचे, “मागे काय आयकाक येता गो?” विमलाचं उत्तर नेहमी माझ्या आधी यायचं.

तर पहिली, ती निळ्या कव्हरची सारंगीची एलपी. माझी प्रत तूच घेऊन गेला आहेस आणि परत करायचं नावही काढत नाहीस, तेव्हा शोधायला नको. तिची दुसरी बाजू लाव. गज उचलला जातो तेव्हा वाजवणारा म्हातारा श्वास घेतो, तो श्वास ऐकायचा. स्वस्तातल्या स्पीकरवर तो नुसती खरखर वाटतो.

दुसरी, आपल्याकडच्या बायकांच्या फुगडीगीतांची सीडी. कुणीतरी एका अंगणात बसून केलेलं ध्वनिमुद्रण. पाचव्या गाण्यात मागे एक तान्हं रडायला लागतं. गाणाऱ्यांतली एक बाई गातागाताच उठते, तिचा आवाज लांब जातो, मग जवळ येतो, आणि तोवर मूल गप्प झालेलं असतं. गाणं थांबलं नाही आणि मूलही रडत राहिलं नाही. पूर्वी मला हे ऐकून हसू यायचं. परवा रडू आलं.

तिसरी, ती गोव्याच्या दोघा भावांची व्हायोलिन आणि पियानोची रेकॉर्ड. मध्येच चर्चची घंटा वाजते. दोघेही थांबतात, घंटा संपू देतात आणि मग पुढे जातात. तेवढा तुकडा कापून टाकावा असं कुणाला सुचलं नाही, म्हणून ती मला आवडते.

चौथी तू तुझ्या मनाने घाल. पाचवीबद्दल मला बोलायचं आहे, कारण ती तू आधीच ठरवून बसला आहेस. ‘रविवारच्या बैठकीचा शेवट धामापूरच्या टेपने करणार, गणपतीत बाबांच्या कपाटातून मूळ रीळ आणलं, साफ करून घेतलं, तुलाही फाईल पाठवतो, पण मी स्वतः रविवारपर्यंत ऐकणार नाही, पहिल्यांदा सगळ्यांबरोबर, नव्या स्पीकरवर!’ असं उत्साहाने लिहिलंस. तुझ्या मंडळींना त्या टेपची गोष्ट माहीत नसणार. गोव्याकडचे एक बुवा, भगवतीच्या देवळात संध्याकाळचं गाणं, बाजूला तलाव, आणि टेपरेकॉर्डर मांडीशी घेऊन बसलेला ऑफिसातला एक हौशी माणूस, म्हणजे तुझे बाबा. गाणं रंगात येतं आणि काकांनी रिळावरून उतरवलेली कॅसेट संपते. ‘पुढे बॅटरी उतरली,’ असं काका म्हणायचे. आपण सगळ्यांनी ते मानलं.

त्याच संध्याकाळी विमला गेली. ती आणि मी चौदा वर्षांच्या, तू नऊचा. मी तापाने घरी होते म्हणून गाण्याला आले नव्हते. तलावाच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं, एवढंच मला दुसऱ्या दिवशी कळलं. पुढे कॉलेजात असताना तू मला एकदाच सांगितलंस. तिने तुला हाक मारली होती. दोन हाका तू ऐकल्यास. पण तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, तिसऱ्या हाकेची वाट बघायची, कारण ‘ते’ दोनदाच बोलावतं, तिसऱ्यांदा बोलावतं ते माणूस, हे आपल्याकडे पोरांना चालायला यायच्या आधी शिकवतात. तू वाट बघितलीस. तिसरी हाक आली नाही.

तेव्हापासून तू कुणाला दुसरी हाक मारूच देत नाहीस. रियाने ‘बाबा’ म्हटलं की जेवणावरून उठतोस. फोन पहिल्या रिंगला उचलतोस. म्हणून तर हे लिहून कुरिअर करते आहे. फोनवर तुझा तो धावत आल्यासारखा ‘हॅलो’ ऐकला की माझ्याने बोलवणार नाही.

यज्ञेश, मी फाईल ऐकली. हेडफोन लावून, तुझ्या बाबांनी शिकवलं तशी, मागचं ऐकत. तानपुऱ्याखाली कुठेतरी लांब ‘यग्याऽ’ अशी एक हाक आहे. थोड्या वेळाने दुसरी. या दोन्ही जुन्या कॅसेटवरही आहेत, अगदी पुसट, आणि कॅसेट त्यानंतर लगेच संपते. ती कॅसेट तू हजारदा ऐकलीस. तू जिला आठवण म्हणतोस ना, ती आठवण नव्हे रे, ती कॅसेट आहे. बॅटरी उतरली नव्हती. रिळावर गाणं पुढे चालूच आहे. आणि तिसरी हाक आहे. स्पष्ट.

तिच्या पाठोपाठ, अगदी माइकजवळ, एका लहान मुलाचा आवाज आहे. “ओऽ! येतंय गो!” आणि कपड्यांची सळसळ, कुणी उठत असल्यासारखी. मग दबलेला, जवळचा, मोठ्या माणसाचा आवाज. “गप बस रे. टेप चालू आसा.”

मी हेडफोन काढून ठेवले. काकांचा राग आला, फार आला. मग वाटलं, त्यांना काय ठाऊक? पोर भावाला खेळायला बोलावते आहे, एवढंच वाटलं असेल त्यांना. कॅसेटवरून पुढचं कापलं आणि तुला तुझ्या दोन हाकांवर सोडून दिलं, ते मात्र त्यांनी जाणूनबुजून केलं. तुमच्या घरी तिन्हीसांजेला कधी शांतता नसायची, आठवतं? दिवा लागला की काका काहीतरी मोठ्याने लावायचेच. आपण त्याला शौक म्हणायचो.

आता शेवटचं, आणि खरं पत्र यासाठीच. रीळ गेल्याचं काकांच्या लक्षात आलं आहे. ‘अनु, माझी टेप खंय गेली गो?’ असं दोन दिवस विचारत होते. मग विचारणं थांबलं. त्या दिवसापासून तुमच्या घरात काहीही वाजत नाही. टर्नटेबलवर त्यांनी पंचा टाकून ठेवला आहे. जेवण नावापुरतं. तिन्हीसांजेला दिवासुद्धा न लावता पडवीत बसतात, मान जराशी कलती, टेप ऐकताना असायची तशी. काल मी पेज घेऊन गेले तेव्हा तिथे चिटपाखरूही नव्हतं. मी पायरीवर उभी, तोंडातून शब्द काढलेला नाही. आणि काकांनी ओ दिली. मी ‘कोणाक?’ म्हणून विचारलं, तर माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, “तीनदा हाक मारल्यान गो. आता जाऊक व्हया.” मी विज्ञान शिकवते, पण काल मी आधी पडवीतला दिवा लावला. आज सकाळी त्यांनी धामापूरला जायला रिक्षा सांगितली होती. मी ती परत पाठवली. पुढच्या वेळी मला जमेल की नाही, माहीत नाही.

रविवारची वाट बघू नकोस. चार माणसांत ते ऐकू नकोस, आणि एकटाही ऐकू नकोस. रीळ घेऊन निघ. त्यांना जे बोलायचं असेल ते बोल, रागाव, तुझा हक्क आहे, मी मध्ये पडणार नाही. पण त्यांना एकदा हाक मार. तुझी हाक ऐकली तर ते थांबतील असं मला वाटतं. आणि वाटेत आंबोलीचा घाट उतरताना स्वतःला सारखं सांगत ये, की तू ओ दिली होतीस. नऊ वर्षांचा होतास, आणि तिसऱ्या हाकेला तू ओ दिली होतीस.

तुझीच,
वाट बघणारी अनुताई