विमलाची रेघ

बंगलोर, १७ नोव्हेंबर १९५८

ती. अक्कास सप्रेम सलाम.

पत्र पोचले. तुझ्या विमलाचे दोन दात पडले, वजन सव्वा पौंडाने वाढले. रविवारच्या शब्बाथ शाळेत तिने बायबलातली पाच सुवर्णवचने पाठ म्हटली; शिकवणारी मावशीच, म्हणून मी एक गुण कमी दिला.

तुझे दुखणे तिच्यापासून लपवायचे नाही असे मी ठरवले आहे. सॅनेटोरियममधून तू दर पंधरवड्याला तापाचा आकडा कळवतेस, तो मी आलेखाच्या कागदावर मांडते. सात वर्षांच्या मुलीला रेघ समजते. ती रोज प्रार्थनेत रेघ खाली आण म्हणून मागते. शेजारच्या राजलक्ष्मी म्हणतात, लेकराला असले दाखवू नये. मला मोजलेले बरे वाटते.

इकडची काळजी नको, स्वतःची कर.

प्रमोदिनी

मिरज, १ डिसेंबर

चि. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद.

लहानपणी बाहुलीला झोपवण्याआधी तिची उंची मोजायचीस, तीच तू! आता माझ्या लेकीला आईऐवजी रेघ दाखवतेस. बरे, या खेपेचा आकडा १०१.८. सिस्टरबाई शेजारी उभ्या राहून माझ्याकडून लिहून घेताहेत. गेल्या खेपेस १०१.२ लिहिला होता. हा बिंदू मांडशील का, बाई?

दोघींना जवळ घेऊन,

हेमलता

बंगलोर, १५ डिसेंबर

ती. अक्कास सप्रेम सलाम.

मी बिंदू १०० वर दिला. विमला शेजारी उभी होती आणि पेन्सिल माझ्या हातात होती. दुसरे कारण नाही.

काल चर्चमध्ये उपकारस्तुतीचा रविवार होता. तमिळ मंडळीची उपासना आटोपल्यावर देऊळ आपल्या मराठी मंडळीला मिळाले. पाळकसाहेबांनी मुलांना विचारले, कोणाला आभार मानायचे आहेत. विमलाने फ्रॉकमागून कागद काढून सर्वांना रेघ दाखवली. बायकांनी डोळे पुसले. तुझे नाव घेऊन उपकार मानले गेले, आणि मीही आमेन म्हटले.

घरी येऊन तिला खरे सांगितले. ती रडली नाही. देवाला दिलेले आभार परत मागायचे का, असे तिने विचारले. मग म्हणाली, बाकीचे बिंदू तरी खरे कशावरून? तेव्हापासून ती प्रार्थनेला बसते, पण तुझे नाव घेत नाही.

तिला तूच लिही.

प्रमोदिनी

मिरज, २० डिसेंबर

चि. विमलास गोड पापा.

मावशीवर रुसू नकोस. बाकीचे बिंदूही खोटेच, आणि ते माझ्यामुळे. तुम्ही घाबराल म्हणून मी दर वेळी एक अंश कमी लिहीत होते. सिस्टरबाईंनी लिहून घेतलेला १०१.८ तेवढा खरा. त्यांच्या वहीतले सगळे आकडे सोबत आहेत: १०२.६, १०२.४, १०२.२, १०१.८, आणि परवाचा १०१.४. आता तूच मांड. मावशीच्या हाती पेन्सिल देऊ नकोस.

तुझी लबाड आई

बंगलोर, २७ डिसेंबर

ती. अक्कास सप्रेम सलाम.

बिंदू विमलाने दिले. मी फक्त पट्टी धरली. रेघ खरोखरच खाली येते. आभार परत मागायचे नाहीत, पण पाळकसाहेबांना नवा कागद दाखवायचा, असा तिचा निर्णय आहे. काल रात्रीच्या प्रार्थनेत तुझे नाव होते.

आमच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशाच्या कोपऱ्यात दोन चौकटी असतात, तशा तिने आखल्या. काढणार: विमला. तपासणार, तिथे मी सही करू लागले तर तिने हात धरला. ती जागा आईची आहे म्हणते.

कागद घडी न घालता, नळीत घालून पाठवला आहे. सही करून टपालाने पाठवू नकोस. घेऊन ये.

प्रमोदिनी