गुलाबी औषध, काळी जीभ

चिखले, ता. डहाणू
१२ जुलै २०१७

चि. सौ. भाविनीस,
नारूदादाचे भरपूर आशीर्वाद, वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. परवा आईच्या जुलाबांचं तुला फोनवर सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत अख्खा पाडा चौकशीला येऊन गेला. तुझी वहिनी म्हणते, होडीच्या इंजिनाशेजारी जन्म गेला तुमचा, तुम्हाला हळू बोलता येत नाही. तेव्हा आईच्या पोटाचा विषय यापुढे कागदावर. जिजा सुकट घेऊन तलासरीच्या बाजाराला येते, तिच्या टोपलीत हे टाकतोय. वास आला तर तो सुकटीचा, मजकुराचा नव्हे.

हकिगत अशी. आईच्या पोटात जळजळ होत होती. संगिताने दुकानातून जळजळीचं पांढरं पातळ औषध आणलं. जळजळ बसली, पण जुलाब लागले. मी जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या. जुलाब असे थांबले की पोट ढोलासारखं फुगलं. मग चूर्ण दिलं, तर पुन्हा जुलाब. आता आजार कुठला आणि औषध कुठलं, घरात कोणालाच सांगता येत नाही. आई म्हणते, मला काही झालेलं नाही, तुम्ही आणणं बंद करा. तुझ्याकडे काही उपाय असेल तर कळव.

तुझा गोंधळलेला दादा,
नारू

तलासरी
१५ जुलै २०१७

ती. नारूदादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. माझ्याआधी मांजराने वाचलं.

तुम्ही नवराबायकोने मिळून औषधाचं दुकान एका म्हातारीच्या पोटात हलवलंत की रे. जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी द्यावं, हे अंगणवाडीच्या भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलंय. पण भिंतीवरचं कोण ऐकतो? गोळी कशी, चकचकीत पाकिटातून निघते, म्हणून शहाणी.

आता माझा शहाणपणा. आमच्या शेजारच्या गुजराती काकींचा भाचा लंडनहून आला होता. जाताना एक गुलाबी औषधाची बाटली ठेवून गेला. जळजळ, मळमळ, अपचन, जुलाब, सगळ्यांवर एकच. लग्नातलं जेवण बाधलं तेव्हा तुझ्या मेहुण्यांनी घेतलं आणि सकाळी कामावर गेले. बाटली जिजाकडे दिली आहे. बोंबलांखाली ठेवलीय, फुटणार नाही. बाकीचं सगळं बंद करा, हे एकच द्या.

वहिनीला नमस्कार, आईला माझा पापा.
भाविनी

चिखले
२० जुलै २०१७

चि. सौ. भाविनीस,
आशीर्वाद. आज जास्त लिहायला हात वळत नाही.

हे पत्र कोणाला दाखवू नकोस. आईची जीभ काळी पडली आहे, जांभळं खाल्ल्यासारखी. आणि पोटातून जातं तेही काळं. यंदा घरामागे सरकारी संडास झाला, त्याचं भांडं पांढरं, म्हणून संगिताच्या नजरेला पडलं. एरवी आई पहाटे अंधारात सुरूच्या बनाकडे जायची. तिथे रंग कोण बघतो? त्यामुळे हे कधीपासून आहे ते आईलाही सांगता येत नाही.

संगिता म्हणते, पोटात रक्त वाहिलं की असं होतं, तिच्या मावशीला झालं होतं. मावशीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. मला ठाऊक आहे, मी गेलो होतो बाराव्याच्या दिवसाला.

लवकर लिही.
नारू

तलासरी
२२ जुलै २०१७

ती. नारूदादास,
हसत हसत नमस्कार, वि. वि.

बाटलीचं खोकं माझ्याकडेच राहिलं होतं. आमच्या ह्यांचं भिंग घेऊन त्यावरचं मुंगीएवढं इंग्रजी वाचलं. स्पष्ट लिहिलंय की या औषधाने जीभ आणि शौच काही काळ काळं होतं, घाबरू नये. औषध थांबवलं की रंग जातो. वहिनीला सांग, मावशीला उगाच वरून बोलावू नका.

तुझ्या होडीला रंग दिलास का? पुनवेच्या नारळाला मी येईन, पण मला खोबरं जास्त हवं.

आहे तो जिव्हाळा राहू दे.
भाविनी

चिखले
४ ऑगस्ट २०१७

चि. सौ. भाविनीस,
नारूदादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा आई खूष झाली. आता कोणी काही बोललं की म्हणते, भाविनीने लिहिलंय घाबरू नका.

बाटली तुझं पत्र आलं तेव्हाच संपली होती. जीभ परत गुलाबी झाली. दुसरं मात्र अजून काळंच आहे, डांबरासारखं. काल जाळं सांधताना आई बसल्या जागी कलंडली. पाणी मारलं तर उठली आणि आम्हालाच ओरडली. तोंड पांढरंफटक दिसतं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणते, पुनव होऊ दे, होडी दर्यात जाऊ दे, पहिली मासळी येऊ दे, मग बघू. खलाशीही आलेत. काय करावं सुचत नाही. काळं किती दिवस राहतं, ते खोक्यावर लिहिलंय का?

नारू

तलासरी
१३ ऑगस्ट २०१७

ती. नारूदादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडताच फोनवर जे ओरडले, त्याची माफी मागत नाही. पाड्याने ऐकलं असेल तर बरंच झालं. पुनवेला सगळ्यांच्या होड्या सुटल्या आणि तू दवाखान्याच्या बाकावर बसलास, तेही बरंच झालं.

तू रक्ताच्या बाटल्यांसाठी धावत होतास आणि मी आईजवळ बसले होते, तेव्हाचं तुला सांगायचं राहिलं. आईच्या पोटात जखम आहे, तीच वाहत होती. डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या खाता का? आई म्हणाली, छे, मी फक्त पोटाच्या गोळ्या खाते, होडीवरच्या बरणीतल्या. दादा, ती बरणी! दर्यात पाकिटं भिजतात म्हणून तुम्ही सगळ्या गोळ्या सोलून एकत्र भरता. छोटी पांढरी पोटाची, मोठी पांढरी अंगदुखीची, हे खलाशांना पाठ. पावसाळ्यात होडी वर ओढली की बरणी घरात फळीवर येते. आई रोज मोठी खात होती. तिनेच पोट जळायचं, म्हणून आणखी एक खायची.

खोकं परत वाचलं. घाबरू नये, त्याच्याखाली आणखी ओळी आहेत. पोटात जखम असेल, आधीच काळं जात असेल, अंगदुखीच्या गोळ्या चालू असतील तर हे औषध घेऊ नये. मला हवं होतं तेवढंच मी वाचलं.

आईला कळवू नकोस. तिला अजून वाटतं, मी लिहिते ते खरं असतं.
भाविनी

चिखले
३ सप्टेंबर २०१७

चि. सौ. भाविनीस,
मनापासून आशीर्वाद, वि. वि.

आई घरी आहे, भात खाते, माझ्यावर खेकसते. बरणी मी खाडीत रिकामी करणार होतो, पण संगिता म्हणाली माशांनी काय केलंय. पुरली.

नवा घोटाळा ऐक. रक्त वाढायला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि वर सांगितलं, याने शौच काळं होईल, घाबरू नका. मी म्हटलं साहेब, हे आम्ही एकदा ऐकलंय. तेव्हा म्हणाले, लोहाचं काळं हिरवट असतं, रक्ताचं चिकट आणि घाण वासाचं. चक्कर आली तर विचार न करता घेऊन या.

म्हणजे रोज कोणीतरी बघायला हवं. संगिताला आई बघू देईना. माझ्यासमोर तर दाराला आतून कडी. मी बाहेर उभा राहायचो, ती आतून शिव्या द्यायची, पाणी ओतून मोकळी व्हायची. कालपासून मात्र पाणी ओतायच्या आधी दार उघडते आणि पाड्याला ऐकू जाईल अशी हाक मारते की नारू, ये, बघून जा. मी जातो, वाकून बघतो. हिरवट की काळं, मला काही कळत नाही. चक्कर येते का विचारतो. ती मानेने नाही म्हणते. मग मी बरं आहे म्हणतो, आणि ती पाणी ओतते.

तू ये. चार डोळ्यांनी बघू.
तुझा,
नारूदादा