ब्रेकचा दिवा

वर्षावहिनी,

काल तुम्ही म्हणालात, "भाऊजी, ती गाडी तुमच्याच गॅरेजला राहू द्या. मला ती बघवत नाही." तोंडाने सांगायला जमत नाही, म्हणून लिहितो.

दादाने ती जुनी गाडी घेतली, त्याच्या महिनाभर आधी ती इथेच, उधन्यात, माझ्याकडे आली होती. ब्रेकचं ऑईल गळत होतं आणि समोर मीटरवर ब्रेकचा लाल दिवा पेटलेला राहायचा. दलाल म्हणाला, काम काढू नको, नुसता दिवा बंद कर. मी मीटर उघडून बल्ब काढला. अशी कामं मी बरीच केली आहेत, वहिनी. गाडी पुढे कोण घेतो ते विचारत नाही.

मग दादा पेढे घेऊन आला. बॉनेटवर तुम्ही काढलेलं स्वस्तिक होतं. "बघ योग्या, एकही लाईट पेटत नाही. एकदम चोख्खी गाडी." मी गाडी ओळखली. तेव्हाच किल्ली काढून घ्यायला हवी होती. पण त्याच्यासमोर लाज वाटली. "रविवारी आण, सगळी चेक करतो," एवढंच बोललो.

शनिवारी तो बारडोलीला निघाला.

दहाव्याला तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, भाऊजींनी एक दिवस आधी गाडी बघितली असती तर हे वाचले असते.

आज तो बल्ब परत बसवला. गाडी एका बाजूने चेपली आहे, पण बॅटरी चालू आहे. किल्ली फिरवली की लाल दिवा पेटतो.

हे पत्र त्याच गाडीत ठेवतो. तुम्ही ती कधी उघडणार नाही, हे मला माहीत आहे.

तुम्ही ज्याला अजून भाऊजी म्हणता तो,
योगेंद्र